ताई, त्या तीन रकान्यांसाठी मनापासून आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या वाटेवरच्या मधल्या परीक्षेचा, इंटरमिजिएटचा, निकाल लागतो त्या संध्याकाळी अभ्यासिकेत कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नाही. मोबाइल पालथे ठेवलेले असतात, घरचे फोन वाजून थांबतात. अशा वेळी तुम्ही ऑफिस सुटल्यावर येता आणि कोरा कागद घेऊन शेजारी बसता. "होईल गं पुढच्या वेळी" असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. त्याबद्दलच हे आभार. जाहीर लिहितोय, कारण गावोगावच्या अभ्यासिकांत अशीच मुलं बसलेली आहेत आणि त्यांच्या शेजारी बसायला कोणी नाही.

गुणपत्रिका वाचायची कशी, इथून तुम्ही सुरुवात केलीत. समजा एका ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्र पास व्हायच्या तीन पेपरांत, शंभरपैकी ६२, ४५ आणि ३८ पडले. घरात कळतं ते एवढंच, की ग्रुप गेला. तुम्ही कागदावर मांडता: प्रत्येक पेपरला किमान ४० हवेत आणि तिन्ही पेपरांची बेरीज १५०. इथे बेरीज १४५, म्हणजे ३८ चे ४० झाले असते तरी ग्रुप अडकलाच असता. पण ६२ ला एक्झेम्प्शन मिळालं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा नाही, आणि ते गुण पुढच्या बेरजेत धरले जातात. आता दोनच पेपर राहिले, दोन्ही मिळून ८८ हवेत, एकातही ४० च्या खाली यायचं नाही. "माझ्यात काही नाही" असं म्हणणाऱ्या मुलीच्या हातात तुम्ही ८८ हा आकडा देता. त्या रात्री ती निदान झोपते.

लगेच सावधही करता. हे एक्झेम्प्शन लगतच्या तीन परीक्षांपुरतं, तुम्ही बसा वा न बसा. परीक्षा वर्षातून दोनदा व्हायच्या तेव्हा ही मुदत दीड वर्ष पुरायची. आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशा तीन होतात, त्यामुळे ती वर्षभरात संपते. निकाल यायला साधारण दोन महिने जातात आणि पुढच्या पेपरला जेमतेम दोन उरतात. घाबरून दर वेळी फॉर्म भरणारा तेच कच्चे धडे घेऊन पुन्हा हॉलमध्ये जातो, आणि प्रत्येक निकालागणिक मनातली शंका पक्की होत जाते.

मग उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत. निकालापासून महिन्याच्या आत अर्ज, पेपरमागे ५०० रुपये. पुनर्मूल्यांकन होत नाही म्हणून बहुतेक जण हे पैसे वाया गेले असं धरतात. तुम्ही ती प्रत वाचायला लावलीत. परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, शेजारी उघडी ठेवायची आणि गेलेला प्रत्येक गुण वहीतल्या तीन रकान्यांपैकी एकात टाकायचा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण लिहिता आलं नाही, वेळ पुरला नाही.

ताई, आमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट ही वही. अपयश आलं की प्रत्येकाला एकच उपाय सुचतो, आणखी वाचायचं. पहिल्या रकान्यासाठी तो बरोबर आहे. दुसरा रकाना भरलेला असेल तर लिखाण कच्चं आहे. कायद्याच्या उत्तरात तरतूद, प्रकरणाला तिचा वापर आणि निष्कर्ष हे तिन्ही वेगळे दिसले पाहिजेत. नुसता निष्कर्ष लिहिला तर गुण हातचे जातात. तिसरा रकाना भरलेला असेल तर बारा तास वाचूनही फरक पडत नाही, घड्याळ लावून लिहावं लागतं. १०० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे १४ गुणांच्या प्रश्नाला २५. एका प्रतीत तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: ताळेबंद ४०,००० ने जुळत नव्हता, ती बेरीज चारदा खोडून पुन्हा केलेली, आणि शेवटचा अख्खा प्रश्न कोरा. फरक तसाच सोडायचा, वर्किंग नोट्स, म्हणजे आकडेमोडीच्या पायऱ्या, स्वच्छ ठेवायच्या आणि पुढे जायचं. पायरीचे गुण मिळतातच.

थांबण्याबद्दलही तुम्ही मोकळेपणाने बोललात, ते फार थोडे जण बोलतात. किती अटेम्प्ट द्यायचे ते आधीच ठरवून घरी तारखेसकट सांगा, म्हणजे "अजून किती वर्षं?" हा प्रश्न रोज ताटावर येत नाही. "इंटर, एक ग्रुप उत्तीर्ण" ही ओळ बायोडेटात लिहायची असते, लपवायची नसते. सात तारखेचा टीडीएस (कापलेला कर भरणं), अकराचा जीएसटीआर-१, वीसचा ३बी (ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं) आणि बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी हिशेबाशी जुळवणं) स्वतःच्या हाताने करता येणाऱ्या मुलाला कोणत्याही गावात काम मिळतं, हे तुमच्याच ऑफिसच्या अनुभवावरून तुम्ही सांगत आलात.

आणि ज्याची झोप-भूक दोन आठवडे उडालेली असते, त्याच्यापुढे तुम्ही वही ठेवत नाही. हे अभ्यासाचं दुखणं नव्हे, डॉक्टरांकडे चल, असं सरळ म्हणता. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तुम्ही स्वतःच्या अक्षरात दारामागे चिकटवलाय. त्याचा कागद पिवळा पडला होता, आम्ही नवा लावला.

तुमची ती वही कपाटात वरच्या फळीवर आहे. पानं संपली म्हणून दुसरी २०० पानी आणून तिच्यावर तीन रकाने आखून ठेवलेत. शनिवारी आलात की पहिल्या पानावर तारीख तुमच्या हाताने घाला.

आपले,
अभ्यासिकेतले सगळे