सियाचीनच्या थंडीला हुद्दा कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली आणि अहवालासाठी 18 महिन्यांची मुदत ठरवून दिली. तेव्हापासूनची बहुतेक चर्चा फिटमेंट फॅक्टर (जुने मूळ वेतन ज्या पटीने वाढते तो गुणक) किती आणि थकबाकी कधी, एवढ्याभोवतीच फिरते आहे. संरक्षण दलांच्या वेतनाची आणि भत्त्यांची शिफारसही हाच आयोग करणार आहे, आणि त्यातील जोखीम व खडतर सेवेच्या भत्त्यांकडे बाहेरच्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून या भत्त्यांविषयीचा एकच मुद्दा येथे मांडतो.

सातव्या आयोगाने नोव्हेंबर 2015 च्या अहवालात एक चांगले काम केले होते. तोवर प्रत्येक भत्त्याचा हिशेब वेगळा होता. आयोगाने ते एका तक्त्यात आणले. जोखमीच्या तीन पायऱ्या, खडतरपणाच्या तीन पायऱ्या, त्यांची मिळून नऊ घरे आणि या सगळ्यांच्या वर सियाचीनसाठी एक स्वतंत्र घर अशी ती मांडणी आहे. मात्र प्रत्येक घरात दोन दर आहेत. वेतनश्रेणीच्या लेव्हल 9 व त्यावरील व्यक्तींना एक, लेव्हल 8 व त्याखालील व्यक्तींना दुसरा. आता सुभेदार मेजर लेव्हल 8 वर असतो आणि नवा लेफ्टनंट लेव्हल 10 वर रुजू होतो, त्यामुळे कागदावर लेव्हलची म्हणून आखलेली ही रेघ सैन्यात नेमकी अधिकारी आणि बाकीचे सर्व यांच्या मधून जाते.

जुलै 2017 पासून लागू झालेल्या दरांनुसार सियाचीन भत्ता अधिकाऱ्याला दरमहा 42,500 रुपये आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) व जवानांना 30,000 रुपये ठरला. नौदलाच्या मरीन कमांडोंच्या भत्त्याचेही तसेच आहे. तेथे दर 25,000 आणि 17,300 असे ठरले. म्हणजे 25 वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराची थंडी वर्षभरापूर्वी कमिशन मिळालेल्या लेफ्टनंटच्या थंडीपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी स्वस्त धरली गेली आहे.

ज्यांनी ग्लेशियर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका पोस्टवरून दुसरीकडे जाताना आम्ही सर्व जण एकाच दोरीला बांधलेले असायचो, कारण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेग असेल तर ती पाय पडेपर्यंत कळत नाही. दोरीवर पुढे काठीने बर्फ टोचत जाणारा बहुधा अनुभवी जवान किंवा हवालदार असे. साहेब मधे कुठेतरी. मुक्कामाला पोहोचल्यावर सगळे एकाच झोपडीत, एकाच रॉकेलच्या स्टोव्हभोवती. त्याच स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचे आणि त्याचीच काजळी छातीत घ्यायची, इतकी की सकाळी खाकरले की काळे पडायचे. आमच्या साहेबांचेही तसेच पडायचे. हिमदंश झाला तेव्हा त्यांच्या दोन बोटांची टोके गेली आणि त्याच आठवड्यात आमच्या रेडिओ ऑपरेटरचीही गेली. त्या अधिकाऱ्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे, आणि हे पत्र अधिकाऱ्यांच्या विरोधात नाही हे मुद्दाम नमूद करतो.

यावर तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की अधिकाऱ्यावर निर्णयाची जबाबदारी असते. ती असतेच, परंतु तिचे मोल मूळ वेतनात मोजलेले आहे: लेफ्टनंटचे मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होते आणि शिपायाचे 21,700 रुपयांपासून. शिवाय मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेसाठी दरमहा मिळणारी वेगळी रक्कम) ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना 15,500 आणि जेसीओ व जवानांना 5,200 रुपये आहे. हुद्द्याचा फरक दोनदा मोजून झाल्यावर तो प्राणवायूच्या कमतरतेतही तिसऱ्यांदा मोजायचा, हे मला पटत नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे आणि ते टाळून चालणार नाही. मूळ वेतनाच्या प्रमाणात पाहिले तर नव्या शिपायाला 2017 च्या दरानेच 30,000 म्हणजे मूळ वेतनाहून जास्त भत्ता मिळतो, मग अन्याय कुठे, असे विचारले जाते. हिशेब बरोबर आहे. पण हा भत्ता जर प्रमाणात द्यायचा असता तर तो टक्केवारीत ठरवला असता. सरकारने तो ठोक रकमेत ठरवला तो कष्टाची भरपाई म्हणून. भरपाई कशाची, याचे उत्तर ‘तेथील परिस्थितीची’ असे असेल, तर ती परिस्थिती एका झोपडीत दोन प्रकारची कशी असू शकते?

तिसरे उत्तर कौशल्याचे. वैमानिक, पाणबुड्या, बॉम्ब निकामी करणारा सॅपर किंवा शल्यचिकित्सक यांना त्यांच्या विद्येसाठी वेगळे पैसे मिळाले पाहिजेत याबद्दल दुमत नाही, आणि शिक्षण किंवा अनुभव पाहून त्यात फरकही असावा. परंतु विद्येचे पैसे आणि हालअपेष्टांचे पैसे ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातला फरक दाखवून दुसऱ्यातला योग्य ठरवता येत नाही.

दोन दरांचे हे प्रमाण काही कोरीव लेख नव्हे, हेही लक्षात घ्यावे. 2017 पूर्वी सियाचीनचे दर जवानांना 14,000 आणि अधिकाऱ्यांना 21,000 होते, आयोगाने 21,000 आणि 31,500 सुचवले, म्हणजे दोन्ही वेळा दोनास तीन. सरकारने शिफारशीच्या पुढे जाऊन 30,000 आणि 42,500 केले तेव्हा ते प्रमाण जवानांच्या बाजूने थोडेसे सरकले. पण महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात, आणि 1 जानेवारी 2024 पासून तशी वाढ लागू झाली. टक्केवारीच्या वाढीने दोघांतले 12,500 रुपयांचे अंतर 15,625 वर गेले. काहीही न ठरवता ते असेच रुंदावत राहील.

अग्निवीरांचा विचार यात विशेष करावा लागेल. पहिल्या वर्षी 30,000 रुपयांच्या ठरीव मानधनावर येणाऱ्या या मुलांना महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही. जोखीम व खडतर सेवेचा भत्ता मात्र मिळतो, ही योग्यच गोष्ट आहे. 2023 मध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना महाराष्ट्रातील एका अग्निवीराचा मृत्यू झाला. चार वर्षांनंतर निवृत्तिवेतन न घेता घरी परतणाऱ्याच्या हाती या भत्त्यातून साठलेला प्रत्येक रुपया मोठा असतो.

माझी मागणी अधिकाऱ्यांचा दर कमी करण्याची मुळीच नाही. आयोगाने निदान सियाचीनच्या घरातील दोन दर काढून अधिकाऱ्यांचा दर सर्वांना द्यावा, आणि बाकीच्या नऊ घरांमधील दुसरा दर कोणत्या तत्त्वावर ठेवायचा आहे ते अहवालात लिहून दाखवावे. माजी सैनिक संघटना आयोगापुढे निवेदने देणारच आहेत. त्यांत निवृत्तिवेतनाच्या मुद्द्यांबरोबर हाही मुद्दा घ्यावा, अशी त्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार