क्लबांना कसोटी एकच लावा

महोदय,

खासगी क्लबांमध्ये स्त्रियांना सभासदत्व नाकारण्याचा विषय निघाला की एक सवाल हमखास येतो. बायकांचे क्लब चालतात, मग पुरुषांचेच डोळ्यांत का खुपतात? समानतेचे पुरस्कर्ते तो बहुधा उडवून लावतात. मला तो रास्त वाटतो. मात्र त्याचे उत्तर विचारणाऱ्यांना आवडेलच असे नाही.

स्कॉटलंडमधल्या म्युरफिल्ड गोल्फ क्लबचे पाहा. मे २०१६ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव तिथे मताला आला. ६४ टक्के मते बाजूने पडली, पण गरज दोन तृतीयांशांची होती, म्हणून ठराव फेटाळला गेला. खेळ रेंगाळेल, दुपारच्या जेवणाची घडी विस्कटेल, अशी विरोधकांची कारणे होती. (स्त्रियांच्या हक्काआड जेवणाची वेळ यावी!) गोल्फमधली मानाची 'ओपन' स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने त्याच दिवशी जाहीर केले की, यापुढे स्पर्धा म्युरफिल्डला देणार नाही. मार्च २०१७ मध्ये फेरमतदान झाले आणि ८० टक्के सभासद अनुकूल निघाले. एवढ्यात मतपरिवर्तन झाले यावर माझा तरी विश्वास नाही. यजमानपद हातचे जात होते, एवढेच.

लंडनच्या गॅरिक क्लबात तेच घडले. मार्च २०२४ मध्ये सभासदांची नावे वृत्तपत्रात छापून आली. त्यांत न्यायाधीश होते, राजकारणी होते, वरिष्ठ सरकारी अधिकारीही होते. गुप्तहेर खात्याचे प्रमुख आणि कॅबिनेट सचिव लगोलग बाहेर पडले आणि मे महिन्यात क्लबने स्त्रियांना सभासदत्व खुले केले. जिथे न्यायाधीश आणि सचिव एका टेबलावर जेवतात, तिथल्या ओळखी पुढे नेमणुकांच्या वेळी कामी येत नाहीत, असे कोण छातीठोकपणे सांगेल?

चार मित्रांनी, किंवा चार मैत्रिणींनी, आपल्यात कोणाला घ्यावे हा त्यांचा प्रश्न. त्यात सरकारने नाक खुपसू नये. क्लब खासगीपणाची हद्द कधी ओलांडतो, हे न्यूयॉर्क शहराने १९८४ मध्येच कायद्यात लिहून ठेवले आहे: सभासद चारशेहून जास्त, जेवणाची नियमित सोय आणि धंदा-व्यवसायासाठी बिगरसभासदांकडून नियमित येणारा पैसा. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला. या कसोटीत पुरुष-स्त्री असा शब्दच नाही, आणि म्हणून मला ती पटते.

मग हीच फूटपट्टी स्त्रियांच्या क्लबांनाही लागली पाहिजे. त्याच शहरात २०१६ साली 'द विंग' हा केवळ स्त्रियांसाठीचा क्लब निघाला. कामाची जागा, व्यावसायिक ओळखी, गुंतवणूकदारांचा पैसा असा सगळा मामला होता. मानवी हक्क आयोगाची चौकशी आणि एका पुरुषाचा दावा यांनंतर त्याने सभासदत्व सर्वांना खुले केले. त्या चौकशीवर अनेक स्त्रीवादी चिडल्या होत्या. माझ्या मते त्यांचा राग अनाठायी होता. स्त्रियांना मोकळेपणाने बोलायला जागा हवी हे खरेच, पण त्यासाठी छोटे गट आहेतच.

उलट सरसकट बंदी आणली की काय होते, ते हार्वर्डमध्ये दिसले. २०१६ साली विद्यापीठाने एकलिंगी क्लबांच्या सभासद विद्यार्थ्यांना संघनायकपद आणि नामांकित शिष्यवृत्त्यांसाठीची शिफारस बंद करण्याचे जाहीर केले. स्त्रियांच्या काही संघटनांनी गाशा गुंडाळला. स्वतःच्या इमारती असलेले पुरुषांचे जुने धनाढ्य क्लब मात्र तग धरून राहिले. २०२० मध्ये विद्यापीठाने ते धोरणच मागे घेतले.

आणखी एक. नियम बदलला म्हणजे प्रवेश मिळाला, असे नव्हे. १७८७ साली स्थापन झालेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने १९९८ मध्ये स्त्रियांना सभासदत्व खुले केले. पण तिथली प्रतीक्षायादी कित्येक वर्षांची आणि पुढच्या रांगेत अर्थातच पुरुष. तेव्हा सर्वांना खुले म्हणवणाऱ्या प्रत्येक मोठ्या क्लबने दरवर्षी नव्या सभासदांत स्त्रिया किती आणि यादीत थांबलेल्या किती, हे आकडे जाहीर करावेत.

— एक वाचक