माझी तक्रार निकाली निघाली, पंप मात्र बंदच आहे : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

दि. २९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

मी परभणी जिल्ह्यातली शेतकरी बाई. चार एकर रान आहे, विहीर आहे आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून मिळालेला पाच एचपीचा पंप आहे. आपल्यामागे राज्याचा व्याप आहे हे कळतं, म्हणून दोन महिने आपल्याला त्रास दिला नाही. जिथं तक्रार करायची तिथंच केली. पण परवा मंगळवारी मोबाईलवर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." तेव्हा ठरवलं, आता आपल्यालाच लिहायचं.

मेसेज आला तेव्हा मी पंपापाशीच उभी होते. लख्ख ऊन पडलं होतं. नऊच्या नऊ प्लेटा सकाळीच ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या. कंट्रोलरच्या डब्यावर लाल दिवा होता, आणि विहिरीतली मोटार २७ नोव्हेंबरपासून जशी गप्प आहे तशीच होती. एकसष्ट दिवस झाले होते त्या दिवशी. पाइपाच्या तोंडाला कोळ्यानं जाळं केलंय. ते मी मुद्दाम काढलेलं नाही. कुणी पाहणीला आलं तर दाखवता येईल.

तक्रार निकाली कशी निघाली ते ऐका. गेल्या शुक्रवारी मोटारसायकलवर दोन पोरं आली. डबा उघडला, टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाली, "काकू, कंट्रोलरचं कार्ड गेलंय. कंपनीकडून आलं की बसवतो." मग मला प्लेटांपुढं उभं करून फोटो काढला आणि माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला. "आम्ही येऊन गेलो, एवढंच असतं त्यात," त्यातला एक म्हणाला. माझ्या लेकाच्या वयाचं पोर, चाळीस किलोमीटरवरून आलेलं. मी चहा पाजला आणि ओटीपी दिला. त्याच ओटीपीवर माझी तक्रार बंद झाली. पोरावर माझा राग नाही. दुरुस्तीआधी ओटीपी घेता येतो, अशी व्यवस्था ज्यांनी केली त्यांच्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले. वीज कंपनीच्या कार्यालयात सांगितलं, सोलरचं आमच्याकडं नसतं, पुरवठादाराला फोन लावा. पुरवठादाराचा टोल फ्री लावला तर बाई म्हणाल्या, पोर्टलवर तक्रार टाका. पोर्टलवर टाकायला सेतूत गेले तर तिथं दिसलं, तक्रार आधीच नोंदलेली आहे, नवी घेता येत नाही. आणि मंगळवारी तीही बंद. साहेब, माझा पंप नेमका कुणाचा आहे? माझ्या नावावर आहे, सरकारच्या पैशाचा आहे, कंपनीच्या हमीतला आहे. पाच वर्षांची हमी आहे, विमा आहे, असं अर्ज भरताना सांगितलं होतं. जूनमध्ये बसवला. पावसाळ्यात त्याला फारसं काम पडलं नाही. रब्बीला पाणी लागायला लागलं आणि बंद पडला. हमीचा कागद माझ्याकडं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय, त्याचा उपयोग कुणाला दाखवून होतो ते सांगा.

१४ नोव्हेंबरला दोन एकर गहू पेरला. गव्हाला एकविसाव्या दिवसाच्या आसपास मुकुटमुळं फुटतात, त्या वेळचं पाणी चुकलं तर पुढं कितीही पाणी दिलं तरी फुटवे भरून येत नाहीत. शेती केलेल्या कुणालाही विचारा. माझा एकविसावा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. तेव्हा पंप बंद होऊन आठ दिवस झाले होते. आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी आली की महाराष्ट्रानं एका महिन्यात ४५,९११ सौर पंप बसवले, गिनीज बुकात नोंद झाली. छत्रपती संभाजीनगरला मोठा कार्यक्रम झाला. मी ती बातमी शेजारणीच्या घरी बसून पाहिली. टाळ्या वाजत होत्या. मला रडू आलं, खोटं सांगत नाही.

पंप बसतायत याचं मला वाईट वाटत नाही. ज्यांना मिळाले त्यांची रात्र सुटली असेल तर देव त्यांचं भलं करो. पण एका महिन्यात बसवलेले मोजता येतात, तर त्याच महिन्यात बंद असलेले का मोजता येत नाहीत? सोय नाही म्हणावं तर सोय आहे. या पंपांना केंद्राच्या कुसुम योजनेतून पैसा मिळतो, आणि त्या योजनेत पंपावर दूरवरून लक्ष ठेवण्याची यंत्रणा बंधनकारक आहे. माझ्या कंट्रोलरच्या डब्यात सिमकार्ड आहे. बसवणाऱ्यानंच दाखवलं होतं, "पंप किती तास चालला, किती पाणी ओढलं, सगळं वर दिसतं" म्हणून. मग वर कुणाला तरी एकसष्ट दिवस शून्य दिसत असणार ना! ज्याला ते दिसतंय त्यानं एकदाही फोन का केला नाही? आणि कुणी बघतच नसेल, तर ते सिम कशासाठी घातलं?

मला हा पंप हौसेनं नको होता. २०१९ मध्ये आम्ही साध्या वीजजोडणीचं कोटेशन भरलं होतं. पैसे भरून चार वर्षं थांबलो, 'पेड पेंडिंग'च्या यादीत. तोवर दिराच्या विहिरीवरून पाळीनं पाणी घ्यायचो. एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री, आणि दिवसाची पाळी अर्थातच त्याची. आमच्या वाट्याला रात्र. २०२३ च्या जानेवारीत रात्री दीडच्या सुमाराला मालक गव्हात दारं धरत होते. थंडीनं बोटं गारठलेली, बॅटरी तोंडात धरलेली. दारं मोडताना पायाला घोणस डसली. मी बांधावर शेकोटीजवळ होते. "काहीतरी चावलं" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मोटारसायकलवर मध्ये मालक, मागं मी धरून बसलेली, असं पुतण्यानं आम्हाला तालुक्याला नेलं, तिथून परभणीला. अकरा दिवस दवाखान्यात. लघवीला रक्त जात होतं, किडनीवर आलंय म्हणाले. वाचले. पण पायाची जखम अशी चिघळली की आजही तो पाय टेकवताना वाकडा पडतो. दोन म्हशी होत्या, एक दवाखान्याच्या खर्चातच गेली.

म्हणून आम्हाला दिवसाचं पाणी हवं होतं. साधी जोडणी आता मिळणार नाही, सोलरच घ्या, असं सांगितल्यावर आम्ही वाद घातला नाही. सातबारा, विहिरीची नोंद, दिराचं ना हरकत स्टॅम्पवर, सगळं दिलं. आमच्या हिश्श्याचे दहा टक्के, बत्तीस हजारांच्या आसपास, ते भरले. कंपनी निवडायची यादी पोर्टलवर उघडायची आणि कोटा संपला म्हणून बंद व्हायची. माझा मुलगा पुण्याहून रात्री जागून ती निवड करत होता. पंप आला तर गाडी रानात येईना, म्हणून रस्त्यापासून ट्रॅक्टर आमचा. खड्डे आम्ही खणले, सिमेंट-वाळू आमची. चार हजार आठशे रुपये गेले, पावती एकाचीही नाही. "नाहीतर पुढच्या गावात उतरवतो," म्हणाले होते. हे सगळं पुरवठादारानं करायचं असतं हे मला नंतर कळलं. पण प्लेटा उभ्या राहिल्या, मोटार चालली, दुपारी बारा वाजता पाण्याचा पहिला फवारा आला तेव्हा मालकांनी नारळ फोडला. चार हजारांचं दुःख तिथंच विसरलो.

केंद्राचे तीस टक्के, राज्याचे साठ टक्के, असा नव्वद टक्के पैसा जनतेचा लागलाय माझ्या पंपाला. कुसुम योजनेला केंद्रानं ३४,४२२ कोटी ठेवले. २०१९ ला सुरू झाली, २०२२ ला पूर्ण व्हायची होती, मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढली. एवढा पैसा ज्या कागदावर सुटतो तो कागद कोणता? पंप बसला असा अहवाल आणि शेतकऱ्यासोबतचा जिओ टॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला. पाणी किती दिवस आलं याचा कागद माझ्याकडं तरी कुणी मागितला नाही. सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे, साहेब. अनुदान उभं करण्याला मिळतं, चालू ठेवण्याला मिळत नाही. मग कंपनी उभं करायच्याच मागं राहणार. कार्ड घेऊन चाळीस किलोमीटर यायला तिला काय पडलंय?

आणि हे आजचं नाही. माझ्या माहेरी गोबर गॅस होता. १९८१-८२ पासून देशभर बायोगॅसचा कार्यक्रम चालला, त्यातलाच. वडिलांनी अनुदानावर बांधला. लोखंडी टाकीवर पिवळ्या रंगानं नंबर टाकलेला होता. दोन वर्षं आईनं त्यावर भाकरी केल्या, डोळ्यांत धूर नव्हता, सगळ्या गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. मग टाकी गंजली, भोक पडलं. वडील पंचायत समितीत चार वेळा गेले. तिथं सांगितलं, अनुदान बांधकामाला आहे, दुरुस्तीचं हेड नाही. आई पुन्हा चुलीपुढं बसली. तो खड्डा अजून आहे, त्यात उकिरडा टाकतात. पण सरकारच्या कागदावर तो नंबर आजही 'बांधलेला' आहे. त्याच काळात निर्धूर चुली आल्या. घरोघर बसवल्या, नळकांडी काजळीनं भरली की लोकांनी फोडून टाकल्या. २००२ ला तो कार्यक्रमच गुंडाळला. आमच्या गावात मारुतीच्या पारावर सौर पथदिवा आहे, त्याची बॅटरी गेली, खांब उभा आहे, पोरं त्याला क्रिकेटचा स्टंप करतात. आईच्या पिढीला चूल दिली, मला पंप दिला. दोन्ही वेळा मोजणारा मोजून गेला आणि परत फिरकला नाही.

या पत्राची अजून एक बाजू आहे, ती बोलायला मला जड जातं, कारण दीर आमचाच आहे. त्याच्या मोटारीला एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, साडेसात एचपीपर्यंतच्या सगळ्यांनाच आहे. डीपी जळली तर पन्नास शेतकरी मिळून तालुक्याला जातात, दोन-चार दिवसांत बदलून मिळते. माझ्या पंपासाठी मी एकटी. सोलरवाल्याला गावात गर्दी नाही. ज्यांनी पैसे भरले, सरकारचं ऐकलं, लाइनचा हट्ट सोडला, ते एकेकटे पडले. मग बाकीचे सोलर नको म्हणतात तेव्हा अधिकारी म्हणतात शेतकऱ्यांत जागृती नाही. जागृती कशी नाही? ते माझा पंप रोज बघतात.

माझं मागणं अवघड नाही. ओटीपी पाणी आल्यावरच घ्यायचा नियम करा. प्रत्येक तालुक्याला कार्डं आणि कंट्रोलर शिल्लक ठेवायला कंपन्यांना भाग पाडा. कंपनीच्या पैशातला घसघशीत हिस्सा मागं ठेवा, आणि त्या सिमवर पंप चालल्याचे दिवस बघून वर्षाला सोडा. गावनिहाय बंद पंपांची यादी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, म्हणजे तुमचा आकडा आणि आमचा आकडा एक होईल. आणि पंप पंधरा दिवसांच्या वर बंद राहिला तर तेवढ्यापुरती तरी लाइनवरची जोडणी द्या. पीक पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही.

माझ्या गव्हाचे फुटवे गेलेत, ते परत येणार नाहीत. वाफ्यात पायाखालची माती दिसते, एवढा विरळ आहे. जो उभा आहे तो ओंब्यांवर आलाय. दाण्यात चीक भरायच्या वेळेला पाणी नाही मिळालं तर दाणा बारीक राहील, तेवढं तरी वाचवायचं आहे. हळदही पिवळी पडायला लागलीय. दिराला विचारलं, तो नाही म्हणाला नाही. पण या आठवड्यात लाइट रात्रीची आहे, साडेबाराला येते. काल मी एकटी जाते म्हणाले तर मालक काठी घेऊन मागं आले. मी दारं धरत होते आणि ते वाकडा पाय ओढत बॅटरीचा उजेड माझ्या पायापुढं धरत होते. सहाला घरी आलो. आजही साडेबाराला जायचंय, आणखी सहा वाफे राहिलेत.

आपली,
पंप मिळालेल्यांच्या यादीतली एक शेतकरी,
जि. परभणी