विषय: १९७० च्या एसएस ४५४ गाडीचं मूल्यांकन साधी मालिबू म्हणून केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, क्लासिक कार विमा विभाग

आज सकाळी तुमच्या मूल्यांकन विभागाशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. पाचवा फोन मी करणार नाही, म्हणून हे पत्र.

माझी गाडी १९७० ची अमेरिकी शेव्हरोले शेवेल, एसएस ४५४ (म्हणजे ४५४ घन इंची इंजिनाची ‘सुपर स्पोर्ट’), त्यातही जास्त ताकदीचं एलएस६ इंजिन, चार गिअरची मॅन्युअल. सात वर्षं ती तुमच्याकडे अ‍ॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसीवर (म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून) आहे आणि सातही वर्षं तुम्ही एलएस६ धरूनच हप्ता घेतलात. यंदाच्या नूतनीकरणाच्या पत्रात तीच गाडी ‘शेवेल मालिबू, व्ही८, दोन दारी’ झाली आणि ठरलेली रक्कम निम्म्याच्या खाली आली. कारण एका ओळीत दिलंय: ‘चेसिस नंबरवरून एसएस असल्याचे सिद्ध होत नाही.’

होणारच नाही. १९७० च्या कुठल्याही शेवेलच्या चेसिस नंबरवरून ते सिद्ध होत नाही. १९६६ ते १९६८ या तीन वर्षांत एसएस ३९६ ची मालिका वेगळी होती आणि नंबर १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून शेव्हरोलेने एसएस हे ऑप्शन पॅकेज, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची जोड, केलं. १९७० ची एसएस ४५४ म्हणजे मालिबूवर घेतलेलं झेड१५ पॅकेज, त्यामुळे तिचा नंबर १३६ नेच सुरू होतो. तुमच्या सिस्टीममध्ये जुन्या तीन वर्षांचा नियम सगळ्या शेवेलना लावला गेलाय, असं मला वाटतं. या गाड्यांचा विमा हाच तुमचा धंदा आहे. हे मला तुम्हाला सांगावं लागू नये.

क्रायस्लरच्या गाड्यांत गोष्ट वेगळी आहे. १९७० च्या प्लिमथ बॅराकुडाच्या नंबरातलं पाचवं अक्षर ‘आर’ असेल तर इंजिन ४२६ हेमी, क्रायस्लरचं गाजलेलं ताकदवान इंजिन. एवढ्या एका अक्षरावर गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते. १९७१ च्या हेमी कुडा (हेच इंजिन असलेल्या बॅराकुडा) कन्व्हर्टिबल अवघ्या ११ बनल्या. त्यातली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तिथे नंबर बोलतो, इथे बोलत नाही. म्हणून शेवेलमध्ये कागद आणि इंजिनावर ठोकलेला कोड बघायचा असतो.

ते दोन्ही मी दिलेत. अकरा वर्षांपूर्वी पेट्रोलची टाकी मी स्वतः उतरवली तेव्हा तिच्या वर चिकटलेला कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे या गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, मिळाला. इंजिनाच्या पॅडवरचा (ब्लॉकवर नंबर ठोकायच्या सपाट जागेवरचा) कोड ‘सीआरव्ही’ आहे, म्हणजे एलएस६ आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. त्याच्या शेजारी ठोकलेला क्रमांक चेसिस नंबरशी जुळतो. फोटो तीनदा पाठवले.

आता आजचा फोन. तुमचे अधिकारी म्हणाले, “मॅडम, बॅज तर कुणीही लावतं.” मी म्हटलं, खरं आहे, खोट्या एसएस पुष्कळ आहेत, म्हणूनच बिल्ड शीट पाठवलाय. “तो तर कुणीही छापतं.” मग इंजिनाचा कोड बघा. “कोड आमच्या फॉर्ममध्ये नाही.” मग ते थांबले आणि म्हणाले, “मॅडम, घरात गाडीतलं कळणारं कुणी आहे का? त्यांना फोन देता?”

मी फोन दिला नाही. गाडी माझ्या नावावर आहे, पॉलिसी माझ्या नावावर आहे आणि त्या इंजिनाचे हेड मी माझ्या हातांनी काढून बसवलेत. मी तसं सांगितलं. त्यावर “बरं बरं” म्हणून त्यांनी वजावटी वाचायला सुरुवात केली. रेडिओ नाही, म्हणून वजा. अहो, १९७० साली रेडिओ वेगळे पैसे मोजून घ्यायचा; माझ्या बिल्ड शीटवर तो नाही, म्हणून गाडीत नाही. मूळ सीटची शिवण उसवलीय, म्हणून वजा. “नवीन कव्हर टाकून घ्या, व्हॅल्यू वाढेल.” चोपन्न वर्षांहून जुनं मूळ कापड फेकायचा सल्ला क्लासिक कारचा विमा विकणारी कंपनी देते! शेवटी “गाडी दुर्मीळ आहे म्हणजे पार्ट मिळत नाहीत”, म्हणून आणखी वजा.

सामान कमी म्हणून गाडी स्वस्त, हा हिशोब नव्या गाडीचा. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ बघा. एकूण १,५८० बनल्या, त्यातल्या २०० लाइटवेट, म्हणजे वजन कमी केलेल्या. त्यांत सोयी ‘टूरिंग’ या दुसऱ्या प्रकारापेक्षा कमी, आणि आज जास्त किंमत त्यांनाच आहे.

नुसत्या दुर्मीळपणाला भाव येतो, असं मी म्हणत नाही. चार दारांची साधी सेडान फार थोडी उरली असेल, तरी तिच्यामागे कुणी धावत नाही. लोकांना हवी असलेली गाडी थोडीच बनली, तेव्हा भाव येतो. १९७० च्या एसएस ४५४ एकूण ८,७७३. त्यातल्या एलएस६, एल कॅमिनो (शेवेलचाच पिकअप) धरून, ४,४७५. बाकीच्यांत ३६० अश्वशक्तीचं एलएस५ इंजिन, एलएस६ ची अश्वशक्ती ४५०. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, किमतीत मोठं अंतर आहे. आणि तुम्ही मला एलएस५ च्याही खाली, मालिबूत नेऊन बसवलंत.

पुन्हा लिहिते: सात वर्षं एलएस६ चा हप्ता घेतलात. गाडी मालिबू असेल तर सात वर्षांचा फरक व्याजासकट परत करा. एलएस६ असेल तर जुनी रक्कम लेखी कायम करा. दोन्हींपैकी एक पंधरा दिवसांत झालं नाही, तर कागदांची हीच फाइल विमा नियामकाकडे जाईल आणि माझ्या दुसऱ्या दोन गाड्यांच्या पॉलिसीही तुमच्याकडून निघतील. तुमच्या जाहिरातीत ‘आम्हाला तुमची गाडी कळते’ असं लिहिलेलं आहे. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवून आले होते.

फोटोवर भरवसा नसेल तर माणूस पाठवा. ज्याला पॅड कुठे असतं ते माहीत आहे असा. चालकाच्या सीटवर बसलं की उजवीकडे येणाऱ्या हेडच्या पुढच्या टोकाशी, खाली ब्लॉकवर. कोड तिथे आहे, १९७० पासून.

आपली पॉलिसीधारक