मनूच्या फॉर्मबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि मग माझाही, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय.

बाबा, गणपती मंडळाच्या लेटरहेडवर मनूला 'सेक्रेटरी' करून द्यायला तुम्ही तयार आहात ते प्रेमापोटीच, नातीसाठी तुम्ही अख्खं नौपाडा कामाला लावाल. पण नको. अमेरिकेतल्या कॉलेजांचा तो कॉमन अ‍ॅप नावाचा फॉर्म आहे ना, त्यात जास्तीत जास्त 10 अ‍ॅक्टिव्हिटीज भरता येतात, पदासाठी 50 अक्षरं, काय केलं त्यासाठी 150, आणि प्रत्येकीपुढे आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे, कुठल्या इयत्तेत हे सगळं विचारतात. आता सेक्रेटरी लिहिलं तर तास किती टाकायचे? तुमच्या मीटिंगा रात्री साडेनऊला सुरू होतात आणि लायटिंगवाल्याच्या बिलावरून भांडता भांडता साडेबारा वाजतात, त्यात ती कधी बसली?

आणि खरं आहे ते काय कमी आहे हो? पावती पुस्तक घेऊन ए विंगपासून डी विंगपर्यंत जिने चढली ती हीच. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी 501 ची पावती फाडायला लावली आणि हातात 251 टेकवले, तर हिने पहिलीवर 'रद्द' लिहून ती पुस्तकातच स्टेपल केली, दुसरी फाडली आणि रात्री एक्सेलमध्ये हिशेब जुळवला. तेच लिहिलंय. वर्गणी आणि हिशेब, स्वयंसेवक. आठवडे तीन. गणपती काय वर्षभर नसतात.

इकडे एका कन्सल्टंटने तर सांगितलं एनजीओ काढा, फाउंडर लिहा, फ्लेमिंगो वाचवा! मनू रविवारी सकाळी नेरुळच्या डीपीएस तलावावर जाते ती पक्षी बघायला, वहीत नोंदी करते, बास. फ्लेमिंगो वाचवतेय असं तिलाही वाटत नाही. म्हणून 'पक्षीनिरीक्षण' एवढंच, आणि दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असंही काही नाही, आमचे सहा झालेत.

"सगळेच करतात" म्हणालात ना, तर 2019 मध्ये अमेरिकेत याच्यावरून केवढं प्रकरण झालं, कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू दाखवून अ‍ॅडमिशन मिळवल्या होत्या, पैसे मोजणारे आईवडील जेलमध्ये गेले आणि तो रिक सिंगर, ज्याने हे जमवून दिलं, त्याला 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. आपलं लेटरहेड त्या मानाने किरकोळ, कबूल. पण फॉर्मच्या शेवटी सगळं खरं आहे म्हणून सही मनूचीच, आणि खोटं निघालं तर मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा काढून घेतात. तिला कोणी मंडळाबद्दल दोन प्रश्न विचारले तर तिने काय सांगायचं, आजोबांना विचारून सांगते?

आई, आता तुझं. घरच्या जबाबदाऱ्या पण त्या फॉर्ममध्ये अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून चालतात. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मनू तिकडे राहिली, फिजिओचे व्यायाम करून घ्यायची, तू आइस पॅक पाच मिनिटांत काढून टाकायचीस म्हणून टायमर लावून शेजारी बसायची, ते तिला लिहायचंय. तू म्हणशील त्यात काय लिहायचं, घरचंच तर आहे. पण तिच्या यादीत तास सगळ्यात जास्त त्याचेच आहेत. तुझं नाव येणार नाही, फक्त 'आजी'. चालेल का ते कळव, पहिली डेडलाइन 1 नोव्हेंबरची आहे.

तुमची,
सुजू