वहिनीशी एकदा बोल

प्रिय विजू,

बरेच दिवस पत्र नाही. दादाचं ऑपरेशन झालं, मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली, आता केमो चालू आहे. सख्ख्या भावाला झाला म्हणून माझीही कोलोनोस्कोपी केली, म्हणजे नळीतून आतडं आतून तपासलं. एक बारीक पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, निघाला, तिथेच काढून टाकला. ठीक आहे.

लिहितोय ते वहिनीसाठी. तिने एक वही सुरू केली आहे. रात्री सगळे झोपले की बसते आणि लग्नापासून घरात काय काय शिजलं ते आठवून लिहिते. तळलेलं, मैद्याचं, डबाबंद मांस, सगळ्याखाली लाल रेघ. परवा पान माझ्यापुढे धरून म्हणाली, "भाऊजी, यातल्या कशानं झालं?"

विजू, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. "कशानंही नाही" म्हटलं तर तिला ते खरं वाटणार नाही, आणि ते पूर्ण खरं नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवून किंवा धुरी देऊन टिकवलेलं, कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. तो 18 तिने कुठेतरी वाचला आणि मनाला लावून घेतला. अरे, पण समज 100 जणांत 5 जणांना होणार असेल, तर रोज ते खाणाऱ्या 100 जणांत साधारण 6 जणांना होईल. तो सहावा कोण, हे कुठल्या वहीतून निघणार? आणि पाच जणांना ते न खाताही झालाच असता. वय, घराणं, दारू, सिगारेट, वजन, बैठं काम, हे कुठल्या पानावर लिहायचं?

इथे तू नेहमीसारखं म्हणशील, "एक वस्तू सांग, ती बंद करतो." हॉस्टेलवर रोज रात्री तंतूंची (फायबरची) पूड पाण्यात ढवळून प्यायचास आणि भाजीला हात लावायचा नाहीस, त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. ते भांडण मी जिंकलो हे आता कबूल कर! ज्यांचे पॉलिप काढले होते त्यांना गव्हाचा कोंडा देऊन पाहिला. 2000 साली निकाल आला, पॉलिप परत यायचे ते आलेच. त्याच वर्षी दुसरा निकाल आला, कमी चरबी आणि भरपूर भाज्या-फळं-तंतू असा आहार चार वर्षं देऊनही फरक नाही. हा तुझ्या पारड्यात टाक. पण पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात, चार वर्षांत काय दिसणार? लाखो लोकांचा आहार वर्षानुवर्षं पाहिला, तेव्हा अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं जास्त आणि मांस, दारू, साखर कमी अशांमध्ये हा रोग कमी दिसला. तंतूंपासून आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. म्हणजे अख्खं ताट महत्त्वाचं, तेही वर्षानुवर्षांचं. मुलांची ताटं वहिनीने जरूर बदलावीत, मीही माझं बदललंय.

माझा जीव अडकलाय तो दादाच्या ताटात. वही झाल्यापासून ती त्याला उकडलेल्या भाज्यांपलीकडे काही देत नाही. डॉक्टर सांगतात वजन टिकवा, प्रथिनं द्या, जे जाईल ते खाऊ द्या. तो दोन घास खाऊन ताट सरकवतो, ती रडते, आणि तिचं मन राखायला तो आणखी एक घास कसाबसा गिळतो. मला हे बघवत नाही. मी बोललो तर दिराने बायकोची चूक काढली असं होतं. तुझं ती ऐकते, तुला तिने पोटच्या पोरासारखं रागावलंय.

तुझा गुडघा कसा आहे? पोरीचा निकाल लागला का? आणि तुझ्या वडिलांनाही हाच होता, तेव्हा तपासणीला आणखी टाळाटाळ नको, तारीख ठरली की कळव.

वहिनीला रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा दादा झोपलेला असतो. आधी तिला बोलू दे.

तुझा,
मधू