मुळ्याचा पाला टाकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की दुधाने गॅस होतो म्हणून ते बंद केलंय आणि हाडांसाठी दोघांनी रोज गाजर-बिटाचा रस नि उकडलेलं रताळं सुरू केलंय. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर घाईत नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

रताळं, गाजर खुशाल खा. त्यातल्या पोटॅशियममुळे लघवीवाटे जाणारं कॅल्शियम कमी होतं, हाडांना तेवढा आधार मिळतो. पण खुद्द कॅल्शियम कंदांत फार थोडं. शंभर ग्रॅम रताळ्यात साधारण ३० मिलिग्रॅम, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० आणि नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तुझ्या वयात बायकांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, बाबांना १०००. नुसत्या रताळ्यावर ते भागवायचं तर चार किलो रताळी होतात! दूध सोसत नसेल तर दही-ताक घे, त्याचा सहसा त्रास होत नाही. सकाळी नाचणीची आंबील, चटणीत तीळ.

आणि मुळ्याचा पाला गाईपुढे टाकू नका. मुळ्यापेक्षा पाल्यात कॅल्शियम कितीतरी जास्त, शिवाय ते अंगी लागतं. पालकात कॅल्शियम असूनही त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक ते अडकवून ठेवतो, मुळ्याच्या पाल्यात ती अडचण फारशी नाही. तू डाळीचं पीठ पेरून करतेस ती भाजी आठवड्यातून दोन-तीनदा होऊ दे. मला तर ती कुठल्याही रसापेक्षा मोलाची वाटते.

बाबा, तुम्हाला मागे मुतखडा झाला होता, म्हणून बिटाचा रोजचा रस तुम्ही बंदच करा. बिटात ऑक्झलेट भरपूर असतं आणि खडे बहुधा त्याचेच होतात. सुरणातही असतं, घसा खाजतो तो त्याच्याच बारीक सुयांमुळे. सुरण आवडतो तर कधीतरी खा, पण आमसूल किंवा चिंच घालून उकडलेला, ते पाणी ओतून दिलेला, आणि जेवणात वाटीभर दही हवंच. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं, मग ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. तुमच्या रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा रोज रताळं खाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्या.

आई, तू हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी अजून केलेली नाहीस. मावशीचं मनगट साध्या पडण्याने मोडलं, तेव्हापासून मला तुझी धास्ती वाटते. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर नुसत्या आहारावर विसंबून चालत नाही, औषध लागतं. त्याच वेळी ड जीवनसत्त्वही तपासू, ते कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. पुढच्या महिन्यात मी येतेय, तेव्हा आपण दोघी जाऊ. तोवर न्हाणीतली ओली फरशी सांभाळा, रात्री उठताना दिवा लावा.

तुमची,
लेक